हाकेला ओ

प्रश्न थोडक्यात असा: ‘वय ३६, अनगोळला राहते. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, पाळीचं काम. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, सासूबाई सत्तरीच्या पुढं. दोन वर्षांमागं घर बांधलं, कर्जाचा हप्ता जमतोय, भांडणतंटा नाही. खरं घरात करमत नाही. गोव्याला, आंबोलीला जाऊन आलो की दोन दिवस बरं वाटतं, सोमवारी परत तेच. निवांत बसायला मिळत नाही. सासूबाई दिवसभर हाका मारतात. परवा रात्री दहाला कसलंसं पांढरं फूल उमललंय म्हणून गच्चीवर बोलावत होत्या, माझी भांडी पडली होती. मुलगा मोबाइलवरचं काहीतरी दाखवायला येतो, हे जेवताना कारखान्यातलं सांगत बसतात. रोजच्या छोट्या गोष्टींत आनंद माना, असं सगळे सांगतात. तो मानायचा कसा?’

‘आनंद माना’ हा सल्ला मला स्वतःला कधी पटला नाही. मानून घेतलेला आनंद म्हणजे मनातले मांडे. आपण बेळगावची माणसं, खरे मांडे खाल्लेली. उलट्या कढईवर भाजलेला, आत पिठीसाखर घातलेला, हातात घेतला की कडेनं मोडणारा मांडा ज्यानं लग्नाच्या पंगतीत खाल्लाय, त्याला मनातल्या मांड्यावर कोण भागवणार? तेव्हा मानायचं वगैरे बाजूला ठेवू.

गेली २७ वर्षं मी समुपदेशक म्हणून टिळकवाडीत बसून घराघरांचं ऐकते आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, इकडं बैलहोंगलपर्यंतची माणसं येतात. काही मराठीत बोलतात, काही कानडीत, आणि डोळ्याला पाणी आलं की दोन्ही भाषा एकात एक होतात. या सगळ्यात एक पाहिलं. भांडणारी घरं लवकर येतात, शांत घरं फार उशिरा येतात. भांडणाऱ्या घरात माणसं निदान एकमेकांना काहीतरी मागत असतात. शांत घरात मागणं बंद पडलेलं असतं, आणि ‘आमच्यात काही तक्रार नाही’ हे वाक्य सगळे एका सुरात म्हणतात. तुमचं घर तसं नाही. तुमच्या घरात अजून हाका चालू आहेत. तुम्ही त्या कटकट म्हणून लिहिल्यात, मी त्या घराची धुगधुगी म्हणून वाचल्या.

लहानपणी आज्जी गोष्ट सांगायची ते आठवा. अंधारात ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, ‘हूं म्हण की.’ पोर झोपलं का जागं आहे हे बघायला तर होतंच, खरं तेवढ्यासाठीच नव्हे. समोरून हुंकार आल्याशिवाय सांगणाऱ्याच्या तोंडून गोष्ट पुढं सरकत नाही. घरातल्या सुखाचं नेमकं तसंच आहे. फूल उमललं, आमटी जमली, पोरानं काहीतरी गमतीचं पाहिलं. हे प्रत्येकाच्या वाट्याला एकेकट्यानं येतच असतं. ते घराचं होतं ते दुसऱ्यानं ‘हूं’ म्हटल्यावर.

जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नव्या जोडप्यांचं वागणं बारकाईनं टिपलं. ‘बघ तो पक्षी’, ‘आज काय झालं माहीत आहे का’ अशी एकानं मारलेली बारीक हाक, आणि दुसऱ्यानं तिच्याकडं वळणं किंवा न वळणं. सहा वर्षांनी ज्यांचा संसार टिकला होता, ती जोडपी सुरुवातीच्या त्या पाहणीत १०० पैकी ८६ हाकांना वळली होती. ज्यांचा मोडला, ती ३३ हाकांना. आकडे तिकडचे आहेत, तिथल्या जोडप्यांचे आहेत, एकत्र कुटुंबाचे नाहीत. खरं मला त्यातलं ८६ भावतं, कारण ते १०० नाही. चांगल्या घरातही शंभरातल्या १४ हाका वाया जातात, आणि संसार चालतो. तुमची परवाची भांडी त्या १४ मधली समजा.

वळणं म्हणजे बोलणंच, असंही नाही. वडगावातलं एक विणकर जोडपं आठवतं (ओळख पटेल असं काही इथं ठेवलेलं नाही). घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, दिवसभर खटखट, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही. बाई आत बसून कांड्या भरायच्या. त्यांना मुलगा घेऊन आला होता. पुण्यात नोकरीला, काहीबाही वाचलेलं, म्हणाला, ‘आईबाबा एकमेकांशी बोलतच नाहीत.’ मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. ‘बोलायचं काय त्यात? माग थांबला की मला कळतंय की. थांबून लगेच चालू झाला तर धागा तुटलावता. चालूच नाही झाला तर यांची कंबर धरली. मग मी चहा टाकते.’ आणि नवरा? आतला रहाट फिरायचा थांबला की तो धोटा हातात घेऊन दारात येऊन उभा राहायचा, काही न बोलता. त्या दोघांना माझी गरज नव्हती. मुलाशी मात्र मी पुढं चार वेळा बोलले.

माझी स्वतःची गोष्ट एवढी शहाणपणाची नाही. माझे सासरे सकाळी ‘तरुण भारत’ मोठ्यानं वाचायचे. पहिल्या पानापासून. मी डबे भरत असायची, मुलाची शाळेची घाई, आणि मागून आवाज: कुठल्या धरणात किती पाणी, बाजारात कांद्याचा काय दर. मला वाटायचं, यांना मनात वाचता येत नाही का? कधी ‘होय होय’ म्हणायची, बहुतेक वेळा तेही नाही. एक दिवस लक्षात आलं की सकाळ फार बरी जातेय. का, ते कळायला आठवडा गेला. ते मनात वाचायला लागले होते. त्या वेळी मी दिवसभर लोकांना ‘एकमेकांचं ऐका’ असं सांगून फी घेत होते. परत त्यांना मोठ्यानं वाचायला लावायला मला तीन महिने लागले. आधी मीच विचारायचं, ‘दादा, पाऊस किती सांगितलाय?’ आणि ते पेपर पुढं सरकवायचे, तूच बघ म्हणून. हाक एकदा बंद पडली की ती परत चालू करणं फार चिवट काम आहे. म्हणून मी तुम्हाला घाईनं सांगते आहे.

आता नवऱ्याचं जेवताना बोलणं. समजा ते म्हणाले, ‘आज आमच्या पाळीत एकपण कास्टिंग रिजेक्ट झालं नाही.’ यावर घरातून चार तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात. ‘होय? कसं काय जमलं?’ ही एक. भाकरी वाढता वाढता ‘बरं झालं’ ही दुसरी. ‘म्हणजे आता साहेब आणखी काम लावणार’ ही तिसरी. आणि चौथी, ‘येताना दूध आणलं काय?’ शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नेमकी हीच वाटणी करून जोडप्यांचा अभ्यास केला. पहिल्या तऱ्हेचं उत्तर जिथं मिळतं, तिथं नात्यातलं समाधान जास्त दिसलं. दुसरी तऱ्हा, ते मिळमिळीत ‘बरं झालं’, आपल्याला निरुपद्रवी वाटते. अभ्यासात मात्र तीही वाईटाच्या बाजूलाच पडली. आपण दुःखात धावून जाणारी माणसं आहोत, गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर दहा जण गाडी काढतात. चांगली बातमी ऐकून घ्यायला मात्र आपल्याला सवड नसते. कास्टिंग कसं ओततात, वाळूचा साचा कशानं बिघडतो, हे तुम्ही लग्नानंतर १५ वर्षांत कधी विचारलंत का? विचारून बघा. भट्टीपुढं आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रश्न घरात कुणी विचारलेला नसतो.

मुलाच्या मोबाइलचं थोडक्यात. मोबाइल वाईट का चांगला, या वादात मी पडत नाही. पाचवीतला मुलगा उठून स्वयंपाकघरात येतो आणि ‘आई, हे बघ’ म्हणतो, तेव्हा तो मोबाइल सोडून तुमच्याकडं आलेला आहे. अर्धा मिनिट बघा, हसू आलं तर हसा, नाही आलं तर ‘यात काय गंमत आहे, सांग’ म्हणा. तो दाखवायला यायचा बंद झाला, की काळजी करा. मुलगी आठवीतली आहे, तिचं पत्रात शाळेची इयत्ता सोडून काहीच नाही. ती बंद झाली आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.

सहलींना मी नावं ठेवत नाही. धुक्यातलं आंबोली मलाही आवडतं. खरं त्यांच्यावर सगळा भार टाकला की काय होतं ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: सोमवारी परत तेच. नवं घर, नवी गाडी, नवी जागा, सगळ्याची चटक थोड्या दिवसांत उतरते. मानसशास्त्रात ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून ते फार आधी मांडून ठेवलं होतं. यावर एक जुना उपाय आपल्या भागात आपोआप व्हायचा. प्रत्येक गोष्टीला तिचा काळ होता. मे महिन्यात जांबोटीच्या रस्त्याला करवंदं, थंडीत पावटा, हरभऱ्याची डहाळं, पश्चिम भागातल्या शेतांतली रताळी चुलीत भाजून. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या रानातली माणसं मार्गशीर्षातल्या अमावास्येला अजून घरचं जेवण बांधून शेतात जेवायला जातात. तेच जेवण, तीच भाकरी, आणि वर्षभर त्याची वाट बघतात. २०१३ चा एक प्रयोग आहे. काही लोकांना आठवडाभर चॉकलेट खायचं नाही म्हणून सांगितलं, काहींना हवं तेवढं दिलं. आठवड्यानं परत दिलं तेव्हा ज्यांनी सोडलं होतं त्यांना चव जास्त लागली. फ्रीजमध्ये बारा महिने मटार ठेवून आपण नेमकी ती वाट बघणं घालवतो. एखादी गोष्ट घरात फक्त हंगामातच खायची असं ठरवा. पावटा सगळ्यात सोपा. आणि तो सोलायला सगळ्यांनी बसायचं.

हे सोलणं मी मुद्दाम म्हणते आहे. समोरासमोर बसून ‘बोल आता’ म्हटलं की आपल्याकडच्या पुरुषांची आणि आठवीतल्या मुलींची दातखीळ बसते. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. शेंगा फोडताना, लसूण सोलताना, करंज्यांना कातणं फिरवताना नजर कामावर असते, त्यामुळे अवघड गोष्ट सहज सांगता येते. मी पूर्वी लोकांना वेळापत्रक करून द्यायचे, रोज रात्री साडेआठ ते नऊ कुटुंबानं एकत्र बसायचं. एकाही घरात ते महिनाभर टिकलं नाही. आता मी सरळ दोन किलो भाजलेल्या शेंगा आणायला सांगते. मधोमध सूप, भोवती सगळे, टरफलं नंतर कोण काढणार ते आधीच ठरवायचं. काही घरांत पहिल्या दिवशी कुणीही काहीही बोलत नाही, नुसता कटकट कटकट आवाज येतो. येऊ दे.

सासूबाईंना यातून काय मिळेल ते वेगळं सांगायला नको, तुमच्या मुलांना काय मिळेल ते सांगते. एमोरी विद्यापीठातल्या रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांना आपल्या घराबद्दल २० प्रश्न विचारले होते: आज्जी-आजोबा कुठं वाढले, आईवडिलांची गाठ कशी पडली, घरावर वाईट दिवस कधी आले. ज्या मुलांना जास्त ठाऊक होतं ती मनानं जास्त घट्ट निघाली. नुसती माहिती पाठ करून मूल घट्ट होत नाही, हेही ते संशोधक सांगतात; ज्या घरात अशा गोष्टी सांगितल्या-ऐकल्या जातात त्या घराचा तो गुण. आणि आपल्या सीमाभागात तर गोष्टींना तोटा नाही. एक आज्जी मला सांगायच्या, ‘माझा थोरला मुंबई राज्यात झाला, मधली म्हैसूर राज्यात, धाकटा कर्नाटकात. आणि तिन्ही बाळंतपणं एकाच खोलीत, एकाच खाटेवर.’ १९५६ आणि १९७३ ही सालं पुस्तकात वाचून पोरं विसरतात, त्या खाटेची गोष्ट विसरत नाहीत. तुमचा मुलगा शाळेत कानडी शिकत असणार. सासूबाईंना रोज एक अक्षर शिकव म्हणून सांगा. एका घरात हे मी पाहिलंय. आज्जी मुद्दाम चुकायची आणि नातू मास्तरासारखा डोक्याला हात लावायचा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल, म्हणजे सगळ्यांच्या हाकांना मीच ओ द्यायची, आणखी एक काम वाढलं. तसं होऊ नये म्हणून पुढचं लिहिते, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गाठ इथं आहे. सासूबाई हाक मारतात, मुलगा मारतो, नवरा मारतो. तुम्ही कुणाला हाक मारल्याचं पत्रात एकही ठिकाण नाही. बायका माझ्यापुढं बसतात तेव्हा हे मला वारंवार दिसतं. घराचं सुख म्हणजे आपल्या पोळपाटावर लाटून दुसऱ्याच्या ताटात वाढायची वस्तू, असं आपण धरून चालतो. रविवारी सगळ्यांची मजा, म्हणजे बाईचा दुप्पट स्वयंपाक. अशा माणसाला घरात करमेल कसं? म्हणून आठवड्याभरात एक तरी हाक तुमची असू दे, आणि ती कामाची नको. ‘पाणी तापलंय’, ‘दप्तर उचल’ या हाका नव्हेत. ‘जरा इकडं या, हा वास बघा’ ही हाक. मिरगाचा पहिला पाऊस पडला की, सकाळी धुकं खाली उतरलं की, रेडिओवर जुनं गाणं लागलं की. येणार नाहीत पहिल्यांदा. त्यांना सवय नाही. परत मारा. आणि नवरा घरी असेल त्या दिवशी निदान एका जेवणाची भांडी त्यांची. हे प्रेमानं सांगून होत नसेल तर हिशोबानं सांगा. पाळीत काम करणाऱ्या माणसाला पाळी समजते.

एक गोष्ट मात्र मला पत्रावरून कळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, आपला काही उपयोग नाही असं वाटत असेल, तर शेंगा फोडून भागणार नाही. ते उदासीचं दुखणं असू शकतं आणि त्याला औषधोपचार आहे. जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं, धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. घरात कुणाची भीती वाटत असेल तर तोही वेगळा विषय. तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी मला येऊन भेटा.

तसं नसेल तर आता त्या फुलाकडं येऊ. पांढरं, रात्री दहाला, पावसाळ्यात, गच्चीवर: ते ब्रह्मकमळ असणार. तसं असेल तर सकाळपर्यंत मिटलंही असेल. खरं एका पावसाळ्यात ते झाड एकदाच फुलून थांबेल असं नाही. गच्चीवर जाऊन पानांच्या कडा बघा, कळी तिथंच फुटते. आधी ती खाली लोंबत असते, उमलायच्या संध्याकाळी मान वर करते. सासूबाईंना हे ठाऊक असणार, त्यांनाच दाखवायला सांगा. अशी मान वर केलेली कळी दिसली की त्या दिवशी सगळ्यांना हाक तुम्ही मारा, शेजारच्यांनाही. भांडी कोण घासणार ते सकाळीच ठरवून ठेवा. तुम्ही सोडून.